बर्फाखालच्या पाईकसाठी लाकडी डिकॉय: विकत घ्यावा की कोरावा?

पाईक या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाला जवळ आणण्यासाठी दोरीवर पाण्यात सोडायचा खोटा मासा म्हणजे डिकॉय. लाकडी डिकॉय घेताना बहुतेक जण चुकीच्या गोष्टी बघतात. खवले किती बारीक रंगवलेत, डोळे काचेचे आहेत का, कल्ल्यांची रेघ किती सुबक आहे यावर किंमत ठरते, आणि त्यावरच तो पसंत पडतो. पाण्यात मात्र वेगळ्याच गोष्टी कामाला येतात. दोरी वर उचलली की तो पुढे सरकतो का, सैल सोडली की नाक खाली करून वळत जातो का, आणि वळताना कुशीवर कलंडत नाही ना? बाजारातला प्लास्टिकचा मासा, कारागिराने हाताने केलेला मासा आणि घरी कोरलेला मासा, तिघांनाही इथे हीच कसोटी लावली आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या मिनेसोटा, मिशिगन, उत्तर आणि दक्षिण डकोटा या भागांत तळी गोठली की बर्फावर एक छोटी खोपटी उभी करतात. आतून ती पूर्ण काळोखी असते, म्हणून तिला डार्कहाऊस म्हणतात. आत बर्फात साधारण दोन बाय तीन फुटांचं भोक कापलेलं असतं. आजूबाजूच्या बर्फातून झिरपलेल्या उजेडामुळे पाणी उजळलेलं असतं आणि खोपटीत अंधार, त्यामुळे स्वच्छ पाण्यात थेट तळ दिसतो. भोकातून दोरीला डिकॉय सोडायचा आणि काठीने हलवत राहायचं. डिकॉयला गळ नसतो. पाईकला जवळ आणणं एवढंच त्याचं काम. पाईक आला की दाते आधीच पाण्यात धरलेला जड भाला डोक्यामागे नेम धरून खाली सोडायचा. भाल्याला दोर बांधलेला असतो. ओजिब्वे लोक बर्फाखाली भाल्याने मासे मारत आणि त्यासाठी लाकडी मासे कोरत आले आहेत. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी हे काम पुढे आपलंसं केलं.

मिनेसोटात हा हंगाम १५ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत असतो. ट्विन सिटीजमधली (मिनीॲपोलिस–सेंट पॉल) बरीच मराठी मंडळी आता बर्फावर गळ टाकायला जातात, पण गळाच्या परवान्यावर भाला चालत नाही, त्याची वेगळी परवानगी काढावी लागते. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचावी, कारण तळ्यातळ्याचे नियम बदलतात.

प्लास्टिकचा मासा

खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात साधारण १० ते २५ डॉलरला साच्यातला प्लास्टिकचा डिकॉय मिळतो. त्याची जमेची बाजू म्हणजे तो भिजून फुगत नाही आणि हरवला तर जीव हळहळत नाही. अडचण पंखांची. किंमत कमी ठेवायची म्हणून पंखांना पत्रा पातळ वापरतात, आणि पाकिटात दाबून आलेला मासा बाहेर काढला की एक पंख वर आणि एक खाली असतो. तसाच पाण्यात सोडला की कुशीवर पडून फिरतो आणि घेणारा वैतागतो. खरं तर पाच मिनिटांचं काम आहे: मासा समोरून डोळ्यांच्या रेषेत धरावा, दोन्ही पुढचे पंख एकाच उंचीवर येईपर्यंत चपट्या पकडीने हळूहळू वाकवावेत, मग शेपटी बघावी. पोकळ मासा असेल तर दोन अर्ध्या साच्यांचा जोड बोट फिरवून तपासावा. जोडातून पाणी शिरलं की मासा हळूहळू जड होतो, शेपटीकडे बसतो आणि मागे मागे सरकू लागतो.

दोरी अडकवायची कडी बहुतेक प्लास्टिकच्या माशांत एकाच जागी पक्की असते. ती चुकीच्या जागी असली तर काही करता येत नाही. मुलांसाठी किंवा जादाचा म्हणून डब्यात असू द्यावा. मुख्य डिकॉय म्हणून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कारागिराचा लाकडी मासा घेताना

कामाचा, म्हणजे शोभेसाठी नव्हे तर पाण्यात सोडण्यासाठी केलेला लाकडी डिकॉय साधारण ३० ते १०० डॉलरला मिळतो. गावातल्या आमिषाच्या दुकानात काउंटरमागे टांगलेले असतात, डिकॉयच्या प्रदर्शनांत कारागीर स्वतः घेऊन बसतात. मिनेसोटा डार्कहाऊस अँड अँगलिंग असोसिएशनच्या मंडळींमध्ये विचारलं तर आपल्या भागात कोण कोरतं ते कळतं. ऑनलाइन घेण्यात एकच अडचण आहे, ती म्हणजे पोहताना दिसत नाही. विकणाऱ्याकडे मासा पाण्यात फिरतानाचा व्हिडिओ मागावा. ज्याला आपला मासा पोहतो हे माहीत आहे तो आनंदाने पाठवतो.

हातात घेतल्यावर आधी पोट बघावं. मासा बुडावा म्हणून पोटात शिसं ओततात; त्या जागा नीट बुजवून सपाट केलेल्या हव्यात. कडेने केसाएवढी जरी फट दिसली तरी पाणी तिथूनच शिरणार. मग पंखांच्या खाचा. पत्रा लाकडात जिथे शिरतो तिथे रंगावर बारीक तडा असेल आणि वरच्या पारदर्शक थराखाली लाकूड करडं पडलेलं दिसत असेल तर तो मासा आधीच भिजलेला आहे, मग तो नवा म्हणून विकायला ठेवलेला असो. पंख चिमटीत धरून हलवावा. जरासाही खुळखुळला तर ठेवून द्यावा. शेवटी पाठीवरची कडी: एकच आयस्क्रू (डोक्याशी गोल कडी असलेला स्क्रू) असेल तर तो लाकडात किती खोल गेलाय ते विचारावं, पितळी पट्टीला तीन-चार भोकं पाडलेली असतील तर उत्तम, कारण दोरी पुढे-मागे बांधून चाल बदलता येते.

टाकी उपलब्ध असेल तर घ्यायच्या आधी मासा पाण्यात फिरवूनच बघावा. दोरीवर स्थिर लोंबत असताना तो आडवा, फार तर नाक किंचित वर असा राहिला पाहिजे. मग झटक्याने फूटभर वर उचलायचा: नाक वर करून पुढे सरकला पाहिजे. मग दोरी एकदम सैल: नाक खाली करून, शेपटी वळलेल्या बाजूला गोल घेत घसरत गेला पाहिजे. उचलताना आणि सोडताना, दोन्ही वेळा पुढे जाणारा मासा हवा. बरेचसे मासे उचलताना बरे चालतात आणि सोडले की दगडासारखे सरळ खाली जातात. याचा अर्थ शिसं गरजेपेक्षा जास्त भरलंय. सोडल्यावर मागे घसरणाऱ्याचं वजन शेपटीकडे गेलेलं असतं. स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरणाऱ्याची शेपटी जास्त वाकलेली असते, ती सरळ करता येते. पण कुशीवर कलंडणारा घेऊच नये. पंख सरळ करूनही कलंडत असेल तर शिसं मध्यरेषेवर नाही, आणि ते आता पोटात पक्कं बसलेलं आहे.

जुने मासे ही वेगळीच दुनिया. मिशिगनमधल्या कॅडिलॅकचे ऑस्कर पीटरसन (१८८७–१९५१) यांचे डिकॉय आज लोककला म्हणून हजारो डॉलरला जातात. न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा सरोवराचे चामड्याच्या शेपटीचे मासेही तसेच. ज्यांना जुना मासा घ्यायचाच आहे त्यांनी शिसं आणि लाकूड यांच्या सीमेवर बघावं: जुनं लाकूड आकसलेलं असतं, त्यामुळे शिशाभोवती फट किंवा रंगाची उठलेली कड दिसते. पत्र्यावरचा गंज खाचेच्या आतही गेलेला असतो; सगळीकडे सारखा आणि फक्त वरवर दिसणारा गंज संशयास्पद. चौफुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे त्याआधीचा म्हणून दाखवलेल्या माशात ते दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा. आणि खरा जुना मासा मिळालाच तर तो पाण्यात सोडू नये.

स्वतः कोरायचा तर

सात इंचाचा मासा पहिल्यासाठी योग्य. लहान माशात शिशाला जागा कमी पडते, आणि मोठ्यात चूक झाली तर लाकूड, पत्रा, शिसं सगळंच जास्त वाया जातं. लाकूड बासवुडचं घ्यावं: मऊ, रेषे एकसारखे, सुरीखाली कुठल्याही दिशेने बऱ्यापैकी कापलं जातं. पांढरा सीडर आणि पांढरा पाइनही चालतो. सीडर पाण्याला जास्त टिकतो पण चिरफाळतो. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची करतात तोही असाच हलका असतो, पण कच्चं लाकूड गावाहून अमेरिकेत आणायच्या फंदात पडू नये, कस्टममध्ये अडकू शकतं. बासवुड इथे कोरीवकामाच्या दुकानात सहज मिळतं.

ठोकळा सात इंच लांब, पावणेदोन इंच उंच, सव्वा इंच जाड. रेषे लांबीच्या दिशेने हवेत आणि गाठ एकही नको. कागदावर बाजूचा आकार काढून ठोकळ्यावर उतरवावा, बँडसॉने किंवा बारीक दात्यांच्या करवतीने कापावा, मग वरून दिसणारा आकार काढावा. सर्वांत जाड भाग नाकापासून एक तृतीयांशावर, कल्ल्यांच्या लगेच मागे. तिथून शेपटीपर्यंत निमुळता होत पाव इंचावर यावा. पेन्सिलीची मध्यरेषा पाठीवर आणि पोटावर सतत दिसत राहिली पाहिजे. सुरीने पुसली गेली की लगेच परत काढावी. पुढचे पंख, शिशाची भोकं, पाठीवरची पट्टी, सगळं या रेषेवरून मोजायचं असतं. रेष हरवली की मासा वाकडा झालाय हे थेट पाण्यातच कळतं. सुरीनंतर कानस, मग पॉलिश पेपर ८०, १२०, २२० या क्रमाने. पोट थोडं सपाट ठेवावं.

शेपटी लाकडाची कोरायची की पत्र्याची बसवायची? वळलेली लाकडी शेपटी दिसायला सुंदर असते, पण वळणाच्या जागी रेषे आडवे तुटतात आणि बर्फाच्या कडेवर एकदा आपटली की मोडते. शिवाय ती नंतर कमी-जास्त वाकवता येत नाही. पहिल्या माशाला पत्र्याचीच लावावी.

पंखांसाठी २६ गेजचा जस्ताचा पत्रा, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. तांब्याचाही छान होतो. ॲल्युमिनियम कात्रीने सहज कापतं पण दोन-चारदा मागेपुढे वाकवलं की तुटतं. पुढचे पंख दीड इंच लांब आणि शरीराबाहेर पाऊण इंच येतील असे. आत शिरायला आणखी तीन अष्टमांश इंच धरावा. मागची जोडी दोन तृतीयांश मापाची. पाठीवरचा पंख छोटाच ठेवावा, मोठा केला तर वळण मंदावतं. जोडीतले पंख पत्र्याचे दोन तुकडे एकावर एक घट्ट धरून एकदमच कापावेत, म्हणजे दोन्ही तंतोतंत सारखे येतात. कडा कानशीने घासाव्यात, नाहीतर गार पाण्यात बधिर झालेल्या बोटांना कापलेलं कळतही नाही. जस्ताच्या पत्र्याला रंग धरत नाही; आधी व्हिनेगरने पुसून, धुऊन, वाळवून मगच प्रायमर लावावा.

पुढचे पंख कल्ल्यांमागे, उंचीच्या मध्याच्या थोडे खाली, आडवे. खाच पातळ करवतीने पाडावी, पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचितच रुंद. बाहेरची टोकं जराशी वर उचललेली ठेवली तर मासा कलंडत नाही. शेपटीची खाच अर्धा इंच खोल आणि उभी.

आता शिसं, आणि निम्म्याहून जास्त मासे इथेच बिघडतात. वरच्या मापाचं शरीर साधारण ११५ घनसेंटिमीटर भरतं, म्हणजे ते ११५ ग्रॅम पाणी बाजूला सारतं. वाळलेलं बासवुड घनसेंटिमीटरला ०.४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लाकडाचं वजन ४६ ते ४८ ग्रॅम. जस्ताचे पंख आणि शेपटी मिळून वीस-बावीस ग्रॅमची भर घालतात. राहिले ४५ ग्रॅम. तेवढ्या शिशाने मासा पाण्यात जिथे सोडाल तिथे अधांतरी राहील. तो हळू बुडायला हवा, म्हणून आणखी १० ते १५ ग्रॅम. एकूण ५५ ते ६० ग्रॅम शिसं. १६ मिलिमीटर व्यासाची, १५ मिलिमीटर खोल अशी दोन भोकं, वर दोन मिलिमीटर मोकळे सोडून, बरोबर एवढं शिसं घेतात. पंख ॲल्युमिनियमचे असतील तर पंधरा ग्रॅम जास्त लागेल.

हा हिशेब अंदाजापुरता. जागा पाण्यातच ठरवायची. आधी लाकडाला सीलरचे दोन हात द्यावेत, नाहीतर चाचणीतच लाकूड पाणी पिऊन जड होतं आणि मोजमाप फसतं. पंख खाचांमध्ये चिकट पट्टीने तात्पुरते बसवावेत. शिशाच्या पट्ट्या रबर बँडने पोटाला बांधून मासा बाथटबमध्ये सोडावा, पट्ट्या मागेपुढे सरकवाव्यात. मोकळा सोडल्यावर मासा नाक किंचित खाली ठेवून सावकाश तळाला गेला पाहिजे. तसा गेला की पट्ट्यांच्या जागी खूण करावी. बहुतेक वेळा पहिलं भोक नाकापासून दोन-सव्वादोन इंचांवर आणि दुसरं तीन-सव्वातीन इंचांवर येतं. एक बारकावा: बाहेर बांधलेलं शिसं स्वतःही थोडं पाणी सारतं, आत ओतलेलं सारत नाही, त्यामुळे तेवढंच शिसं आत गेल्यावर सुमारे पाच टक्के जास्त ओढतं. म्हणून चाचणीत मासा जेमतेम बुडेल एवढंच वजन ठेवावं.

शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. ओतायचं असेल तर उघड्यावर, डोळ्यांवर चष्मा, हातात चामड्याचे मोजे, तोंडावर धुरासाठीचा मास्क, आणि स्वयंपाकाचं एकही भांडं न वापरता. मुलं आसपास नकोत. चाचणीत भिजलेला मासा पूर्ण, म्हणजे दोन-तीन दिवस वाळू द्यावा आणि भोकं त्यानंतर पाडावीत. भोकात ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. भोकाच्या भिंतीत दोन बारीक पितळी खिळे तिरके ठोकून ठेवावेत, कारण शिसं गार होताना आकसतं आणि खिळे नसतील तर आत खुळखुळतं. वर दोन मिलिमीटर जागा सोडून इपॉक्सी पुटीने बुजवावी. ज्यांना हे सगळं नको त्यांनी शिशाचे छरे इपॉक्सीत कालवून भरावेत. छऱ्यांमध्ये पोकळी राहते म्हणून दोनाऐवजी साडेतीन भोकांएवढी जागा धरावी. बिस्मथ हा बिनविषारी पर्याय आहे, २७१ अंशांना वितळतो, पण तो घट्ट होताना फुगतो. पातळ पोटाचा मासा त्याने तडकतो.

पाठीवरची पट्टी पितळेची, पाव-पाव इंचावर चार भोकं पाडलेली, मध्यरेषेवर खाच पाडून इपॉक्सीत बसवलेली. सात इंची माशात दुसरं भोक नाकापासून अडीच ते पावणेतीन इंचांवर यावं. दोरी पुढच्या भोकात बांधली की उचलताना नाक जास्त वर जातं आणि मासा चपळ चालतो. मागच्या भोकात तो आडवा आणि संथ राहतो. थंडी वाढून पाईक सुस्तावला की मागचं भोक वापरून बघावं.

पंख आणि शेपटी इपॉक्सीने कायमची बसवल्यावर पुन्हा टाकीत सोडावा आणि शेपटी वळवावी. पंधरा अंशांपासून सुरुवात करून दरवेळी थोडी थोडी. तीस-चाळीस अंशांना वळसा घट्ट होतो. वळसा इतका मोठा नको की मासा भोकाच्या चौकटीबाहेर जाऊन दिसेनासा होईल. आपल्याला दिसत नाही तिथे पाईक त्याच्याजवळ येऊन निघून गेला तरी कळत नाही.

रंग

पांढरा प्रायमर, त्यावर ॲक्रिलिक, त्यावर पारदर्शक थर. यलो पर्च या माशाचा रंग द्यायचा तर पाठ ऑलिव्ह हिरवी, कुशी पिवळ्या, त्यावर सहा ते आठ गडद उभे पट्टे, खालचे पंख नारिंगी. सकर माशासाठी गडद पाठ आणि मळकट सोनेरी पोट. लाल डोकं आणि पांढरं शरीर हा जुना आणि भरवशाचा जोड. गढूळ पाण्यात तोच आधी दिसतो. खवल्यांसाठी जाळी लावून एअरब्रशने तासन्‌तास घालवायची हौस असेल तर जरूर घालवावेत, पण शेपटीच्या वळणाला दिलेल्या दहा मिनिटांची बरोबरी त्याने होत नाही.

पारदर्शक थर दोन भागांच्या इपॉक्सीचा असेल तर मासा सतत फिरवत ठेवावा, नाहीतर पोटाशी थेंब जमून वजन बदलतं. आणि हे काम जानेवारीत न तापवलेल्या गॅरेजमध्ये करू नये. गारठ्यात इपॉक्सी चिकटच राहते, मग बाहेरून चमकदार दिसणाऱ्या माशावर बोट लावलं की ठसा उमटतो. घरातल्या तापमानाला, खिडकी उघडी ठेवून, पूर्ण वाळू द्यावी. ॲक्रिलिक कच्चं असताना थर चढवला तर खाली बुडबुडे येतात. स्पार युरेथेनचे (पाण्याला टिकणाऱ्या व्हार्निशचे) तीन पातळ हात दिले तरी चालतं, आणि दुरुस्तीला ते सोपं जातं.

दोरी, खोली आणि मोजपट्टी

दोरी काळी किंवा गडद हिरवी, विणलेली डेक्रॉनची घ्यावी. नायलॉनची एकेरी तार थंडीत वेटोळी धरते आणि मासा सरळ लोंबत नाही. माशाच्या वर फूटभरावर एक छोटी स्विव्हेल (गोल फिरणारी कडी) हवीच, नाहीतर एकाच बाजूला गोल फिरून दोरीला पीळ बसतो आणि तो उलगडताना मासा उलटा फिरतो. काठी आठ-दहा इंची, दोन टोकांना खाचा पाडलेली, पुरते. पाणी आठ-दहा फूट खोल असेल तर डिकॉय मध्यावर ठेवावा. फार खाली ठेवला तर तो तळाच्या गवतात हरवतो आणि पाईक त्याच्या वरून येतो. दोन-तीन वळसे देऊन मासा थांबवावा. पुष्कळदा पाईक थांबलेल्या माशाकडेच येतो.

डिकॉयची लांबी ही पाण्यातली मोजपट्टीसुद्धा आहे, आणि मिनेसोटात तिची गरज पडते. २०१८ पासून राज्याचे पाईकसाठी तीन विभाग केले आहेत. उत्तर-मध्य विभागात मर्यादा दहा पाईकची आहे, पण भाल्याने मारणाऱ्याला २२ ते २६ इंचांमधला एक आणि २६ इंचांवरचा एक, किंवा २६ वरचे दोन, एवढीच मोठ्या माशांची मुभा आहे. भाला लागलेला मासा परत सोडता येत नाही, म्हणून मोजणी आधी करावी लागते. वरून बघताना पाण्यातली वस्तू जवळ आणि मोठी भासते. नुसत्या नजरेचा अंदाज बहुतेक वेळा जास्तच येतो. पाईक डिकॉयच्या शेजारी, त्याच खोलीवर आला की अंदाज बरोबर बसतो. आठ इंची डिकॉयच्या तिप्पट मासा म्हणजे २४ इंच. त्यासाठी आपल्या डिकॉयची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी मोजून काठीवर लिहून ठेवावी.

मस्की हा पाईकचा नातलग मासाही डिकॉयला येतो आणि मिनेसोटात त्याला भाला मारता येत नाही. पाईकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात आणि शेपटीची टोकं गोलसर; मस्कीच्या फिकट अंगावर गडद पट्टे किंवा ठिपके असतात आणि शेपटीची टोकं अणकुचीदार. वरून खुणा स्पष्ट दिसल्या नाहीत तर भाला सोडू नये.

विस्कॉन्सिनच्या विनेबेगो तळ्यावर फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारपासून स्टर्जन या मोठ्या माशाचा हंगाम असतो, फार तर सोळा दिवसांचा. तिथले भोक ४८ चौरस फुटांपर्यंत आणि डिकॉय फूट-दीड फुटांचे, कधी त्याहून मोठे. वर दिलेलं शिशाचं गणित तिथे तसंच लावू नये: लांबी दुप्पट झाली की शरीराचं आकारमान आठपट होतं, आणि शिसंही जवळपास त्याच प्रमाणात वाढतं.

जपणूक

लाकडी डिकॉय पाण्यामुळे जेवढा खराब होतो त्याहून जास्त घाईने वाळवल्यामुळे होतो. ओला मासा खोपटीतल्या प्रोपेन हीटरवर टांगला की वरचा थर तापतो, आतलं लाकूड गारच राहतं, आणि पंखांच्या खाचांपाशी तडे जातात. पुढच्या वेळी तिथून शिरलेलं पाणी बाहेर उणे वीसला गोठून फुगतं आणि तडा रुंदावतो. भोकातून काढल्यावर फडक्याने पुसावा, हवेशीर खोक्यात फोम घालून ठेवावा, घरी नेल्यावर चूल किंवा हीटरपासून लांब वाळू द्यावा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत कधीच नको. एकमेकांवर रचून ठेवले तर पंख वाकतात, आणि मग पुढच्या हंगामात नीट पोहणारा मासा अचानक कलंडायला लागतो. हंगाम संपला की प्रत्येक खाचेवरून नखाची कड फिरवावी. अडकली तर तिथला रंग खरवडून, आठवडाभर वाळवून, पातळ इपॉक्सी भरावी आणि वरून पुन्हा रंग द्यावा. गंजलेली स्विव्हेल त्याच वेळी बदलून टाकावी.